मामीचे महावीर कोण?

गेल्या वैशाखात मुलाचं लग्न झालं. आम्ही मूळचे सोलापूरकडचे दिगंबर जैन, तीस वर्षांपासून उज्जैनला माधव नगरात. सून इंदूरच्या मराठी हिंदू घरातली. तिच्या आईने रीतीप्रमाणे अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बरोबर दिले होते. मी म्हटलं, "अगं, एका घरात दोन देव्हारे कशाला? तुझ्या कपाटात ठेव." तिने मुकाट्याने ठेवले. सून उलट बोलली नाही की आपल्याला किती बरं वाटतं, नाही का मैत्रिणींनो?

दिवाळीला लेक आली. जेवताना नऊ वर्षांच्या नातीने विचारलं, "आजी, आपले महावीर. मग मामीचे महावीर कोण?"

मी आधी तिची चूक दुरुस्त केली. "महावीरांनी धर्म सुरू नाही केला, बाळा. ते चोविसावे तीर्थंकर. पहिले आदिनाथ."

"बरं, मग मामीचे पहिले कोण?"

मी गप्प. इतकी वर्षं महाकालाच्या गावात राहून मला उत्तर येईना. सून हसून म्हणाली, "कोणीच नाही गं. आमच्याकडे पहिलं कोणी नाही, आणि शेवटचंही नाही."

त्या रात्री झोप लागेना. मग मी वाचू लागले, तिला विचारू लागले. कळलं ते असं. 'हिंदू' हे नाव मुळात धर्माचं नव्हेच. सिंधू नदीवरून इराणी लोकांनी या मुलखाला ते दिलं. त्यांच्या बोलीत 'स'चा 'ह' होतो. सुमारे २५०० वर्षांपूर्वी दारियस राजाच्या शिलालेखांत ते सिंधूकाठच्या प्रांताचं नाव म्हणून येतं. धर्माला ते फार उशिरा चिकटलं.

धर्माची सुरुवात मात्र एका जागी सापडत नाही. चार वेदांतला सर्वांत जुना ऋग्वेद तीन हजार वर्षांमागचा. त्यात १०२८ सूक्तं. इंद्र, अग्नी, वरुण यांची स्तुती, यज्ञ. त्यातल्याच एका सूक्तात ऋषी विचारतो की ही सृष्टी कुठून आली हे कोणाला ठाऊक, आणि वर बसलेल्यालाही ठाऊक असेल की नाही. हे वाचून मी, सृष्टिकर्ता न मानणारी बाई, चकितच झाले. पुढे उपनिषदांत यज्ञापेक्षा आत्म्याचा शोध मोठा झाला. मग रामायण, महाभारत, गीता, पुराणं, आणि पुढे आपल्या मराठी संतांची भक्ती. नवं आलं म्हणून जुनं कोणी टाकून दिलं नाही.

कर्म, पुनर्जन्म, मोक्ष हे शब्द त्यांचेही, आपलेही. फरक आहेच. आपण वेदांना प्रमाण मानत नाही. आपल्याकडे प्रत्येक जीव वेगळा. त्यांच्यातले अद्वैतवाले म्हणतात, सगळं एकच. पण त्यांच्यातच द्वैतवालेही आहेत!

सगळंच गोड नाही. उपनिषदात गार्गी भर सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारते, आणि पुढे बायकांना आणि शूद्रांना वेदच बंद होतात. सून हे स्वतःहून बोलली. मग मलाही आठवलं, स्त्रीला स्त्रीजन्मातून मोक्ष मिळतो की नाही यावर आपल्या दिगंबर-श्वेतांबरांचं अजून जमलेलं नाही. दोघी हसलो, पण ते हसू सुखाचं नव्हतं.

वैकुंठ चतुर्दशीला ती म्हणाली, "आई, आज रात्री गोपाळ मंदिरात चला." बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं ते मंदिर. त्या रात्री महाकालाची पालखी तिथे येते. चातुर्मासात विष्णू निजतो, तेव्हा जगाचा कारभार शिवाकडे. आज तो परत सोपवायचा. आपलाही चातुर्मास तोच, पण पावसाळ्यात जीवजंतू पायाखाली मरू नयेत म्हणून साधू एका जागी थांबतात.

फटाक्यांच्या धुरात मी नातीचा हात धरून उभी होते. बेल वाहायचा तो शिवाला आणि तुळस विष्णूला, हे मलाही माहीत. त्या रात्री तुळस शिवाला वाहिली आणि बेल विष्णूला. याच गावात हरसिद्धीला देवीचे भक्त जातात. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो, तो काही माझ्या पचनी पडत नाही, पडणारही नाही. कांदासुद्धा न खाणारे वैष्णवही याच गावात, आणि एकमेकांना परधर्मी म्हणत नाहीत. ज्याचा त्याचा इष्टदेव, ज्याची त्याची वाट, हाच या धर्माचा स्वभाव.

आणि आपण? अनेकांतवाद आपला. सत्याला अनेक बाजू असतात हे मी महिला मंडळात किती वेळा सांगितलंय! आणि घरात दोन वितीएवढ्या जागेसाठी अडून बसले.

घरी यायला दोन वाजले. नात खांद्यावर झोपलेली. जिन्यात मी सुनेला थांबवलं आणि हात जोडले. क्षमावाणीला भाद्रपदात आपण सगळ्या गावाची क्षमा मागतो. घरातलीच राहिली होती, ती कार्तिकात मागितली. तिने घाईने माझे हात धरले. "आई, असं नका करू," म्हणाली आणि रडू लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी स्वयंपाकघरातला पूर्वेकडचा कोनाडा मी स्वतः पुसला. अन्नपूर्णेची जागा तीच.