पाठीवरचं पाकीट

परदेशात राहायला आलेल्या माणसाचं पाकीट पैशांनी फुगत नाही, पुराव्यांनी फुगतं. पैसे पहिल्या वर्षी असतात तरी किती! पण आम्ही लंडनला आलो तेव्हा नवऱ्याच्या मागच्या खिशातल्या त्या काळ्या चामडी पाकिटात काय नव्हतं ते विचारा. निवास परवान्याचं कार्ड, प्रवासाचं ऑयस्टर कार्ड, दोन देशांतल्या बँकांची कार्डं, लायब्ररीचं कार्ड, दवाखान्यात नाव नोंदवल्याची चिठ्ठी, पॅनकार्ड (लंडनमध्ये पॅनकार्ड कशाला, हे विचारायचं नाही), गजानन महाराजांचा फोटो आणि सासऱ्यांनी निघताना हातावर ठेवलेली दहा रुपयांची नोट, जी कधीच मोडायची नव्हती. नवरा ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, बसला की एका बाजूला कलायचा. मागच्या खिशातल्या जाड पाकिटामुळे पायात कळा जातात, हे डॉक्टरांच्या नियतकालिकात १९७८ सालीच छापून आलंय. पण त्या वेळी पाकीट बाजूला काढून ठेवायला सांगणं म्हणजे याला पासपोर्ट गादीखाली ठेवून बाहेर जायला सांगण्यासारखं होतं.

त्यातलं निवास परवान्याचं कार्ड आम्ही नोटांपेक्षा जास्त वेळा बाहेर काढलं असेल. नोकरीला लागताना ते, बँकेत खातं उघडताना ते, घर भाड्याने घेतानाही तेच. भाडेकरूला इथे राहण्याचा हक्क आहे का, हे घरमालकाने तपासलंच पाहिजे, असा इंग्लंडात २०१६पासून नियम आहे. त्यामुळे आमची घरमालकीणबाई आधी कार्ड उलटसुलट करून बघायची आणि मग गॅस कसा लावायचा ते दाखवायची. तिचं चूक नव्हतं. पण त्या कार्डाच्या कडा आमच्याच नव्हे, बऱ्याच परक्या बोटांनी झिजल्या होत्या.

आणि मग सरकारने ते कार्डच बंद केलं. २००८ साली सुरू झालेली ही कार्डं. पुढच्या काळात आलेल्या बहुतेकांच्या कार्डावर शेवटची तारीख एकच छापलेली होती, ३१ डिसेंबर २०२४, मग परवाना त्यापुढे कितीही वर्षांचा असो. त्यानंतर ई-व्हिसा. म्हणजे हातात काहीच नाही. आपला इथे राहण्याचा हक्क गृहखात्याच्या कुठल्याशा संगणकात आहे आणि आपण इथे आहोत. कुणी विचारलं की सरकारी संकेतस्थळावर जायचं, स्वतःला सिद्ध करायचं, नऊ अक्षरा-आकड्यांचा शेअर कोड काढायचा आणि समोरच्याला द्यायचा. तो नव्वद दिवस चालतो. नोकरीसाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, घरासाठीचा आरने. आत शिरायला लागणारा आकडाही फोनवर येतो. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी त्या डिसेंबरात जुन्या कार्डाचे पुढून-मागून फोटो काढून ठेवले. त्या फोटोंना कायद्याने काही किंमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चुंबकाचं पाकीट आमच्या घरात आलं ते यानंतर. जाड पाकिटातला मुख्य रहिवासीच उठून गेल्यावर बाकीच्यांकडे बघून प्रश्न पडायला लागला की हे सगळे इथे काय करतायत?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: ॲपलने २०२० साली आयफोन १२च्या पाठीत चुंबकांचं एक कडं बसवलं आणि त्याला मॅगसेफ म्हटलं. चार्जर त्याला चिकटतो, गाडीतला स्टँड चिकटतो आणि एक छोटंसं सपाट पाकीटही चिकटतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांना त्यासाठी चुंबकवालं कव्हर घालावं लागतं. पाकिटात दोन, फार तर तीन कार्डं बसतात. नोटांना कप्पा नाही, नाण्यांचा तर प्रश्नच नाही. फोटोला पारदर्शक खिडकी नाही, म्हणजे गजानन महाराजांची सोय नाही.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं, "अगं, लोहचुंबकाने कार्डं बिघडत नाहीत का?" प्रश्न बिनतोड होता. कार्डामागच्या काळ्या पट्टीतली माहिती चुंबकानेच लिहिलेली असते, तेव्हा चुंबकाने ती पुसलीही जाऊ शकते. हॉटेलच्या खोलीची पट्टीवाली किल्ली तर फारच नाजूक, तिच्यावर माहिती मुद्दाम हलक्या हाताने लिहितात, कारण उद्या ती पुसून दुसऱ्या पाहुण्याला द्यायची असते. बँकेच्या कार्डाची पट्टी त्या मानाने दणकट. शिवाय ॲपलच्या पाकिटात कार्डांच्या बचावासाठी आवरण घातलेलं असतं. स्वस्तातल्या पाकिटांत असेलच असं नाही. आणि चिपला या सगळ्याचं सोयरसुतक नाही. ब्रिटनमध्ये २००६च्या फेब्रुवारीपासून चिप आणि पिन चालते, पट्टी उगाच मागे राहिलीय. मास्टरकार्डने तर २०३३पर्यंत आपल्या कार्डांवरून ती पुसूनच टाकायचं जाहीर केलंय. सासूबाईंना एवढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पण जपून हो."

माझ्या बाजूने खरी गोष्ट वेगळीच आहे. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात. असले तरी जीन्सच्या पुढच्या खिशात दोन बोटं जेमतेम जातात, ड्रेसच्या खिशाची तर नुसती शिवण असते. पुरुष 'आता पाकीट नको, सुटसुटीत वाटतं' म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते, कारण त्यांच्याकडे मुळात चार खिसे होते. माझी आजी कनवटीला पैसे लावायची, बाजारात जाताना कमरेला बटवा खोचायची. दोन्ही हात मोकळे. तिच्यानंतरच्या पिढ्यांच्या खांद्याला पर्स आली आणि त्यात छत्रीपासून क्रोसिनपर्यंत संसार आला. हातात फोन तर असतोच. त्याच्याच पाठीवर दोन कार्डं बसली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला पर्स घ्यावी लागत नाही. एवढ्यासाठी मी त्या चुंबकाचं कौतुक करायला तयार आहे.

आणि लंडन हे या पाकिटाला मानवणारं शहर आहे. इथल्या बसने २०१४च्या जुलैत रोख पैसे घेणं बंद केलं आणि त्याच सप्टेंबरात ट्यूबच्या फाटकावर बँकेचं साधं कार्ड टेकवून आत जाता येऊ लागलं. आज त्या पिवळ्या गोलावर कुणी कार्ड टेकवतं, कुणी फोन, कुणी घड्याळ. पाकिटात तीन कार्डं असतील आणि अख्खं पाकीटच टेकवलं तर यंत्र गोंधळतं, भलत्याच कार्डावर भाडं लावतं. याला इथे 'कार्ड क्लॅश' म्हणतात आणि स्टेशनात त्याच्या सूचना ऐकू येत. आणखी एक मेख आहे. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, पण ती मोजली जाते एका कार्डाला किंवा एका फोनला. फोनमध्ये असलेलं कार्ड आणि पाकिटातलं तेच कार्ड यंत्राच्या लेखी दोन वेगळी माणसं. सकाळी फोन टेकवायचा आणि संध्याकाळी फोन मलूल झाला म्हणून पाठीवरचं कार्ड काढायचं, तर शहराच्या हिशेबात मी सकाळी कुठेतरी गेले ते परतलेच नाही, आणि संध्याकाळी एक नवीनच बाई उगवली.

देशभराचे आकडेही याच दिशेचे आहेत. २०१३ साली ब्रिटनमधले निम्म्याहून अधिक व्यवहार रोखीत होत, दहा वर्षांनी हे प्रमाण बारा टक्क्यांवर आलं. दुकानदाराने रोख नाकारली तर कायद्याने काही करता येत नाही. राजाचं चित्र असलेली नोट पुढे केली तरी पोरगा नम्रपणे म्हणतो, 'सॉरी, कार्ड ओन्ली.' २०१८पासून रस्त्यावरचे गाणारे-वाजवणारेसुद्धा कार्ड टेकवायचं यंत्र समोर ठेवू लागले. चर्चनेही त्याच वर्षी दानासाठी अशी यंत्रं घेतली.

यात भाच्याची गोष्ट सांगायलाच हवी. पुण्याहून आला होता. पहिल्याच दिवशी कॉफी घेताना मी पाठीवरचं पाकीट उघडून कार्ड काढलं तर म्हणाला, "मामी, तुम्ही अजून कार्ड वापरता?" त्याच्या लेखी मी मागासलेली. मंडईतल्या भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे क्यूआर कोड लावून बसलेत, २०१६ला आलेल्या यूपीआयने कार्ड नावाची पायरीच गाळून टाकली. चुंबकाचं पाकीट त्याला आजीच्या अडकित्त्याइतकं जुनं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी त्याला बसमध्ये चढायचं होतं. यूपीआय चालेना, खिशातल्या पौंडाच्या नोटा बसवाल्याला नकोत. शेवटी आईने 'असू दे बरोबर' म्हणून दिलेलं फॉरेक्स कार्ड बॅगेच्या तळातून निघालं. मी काही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होती.

आता वाईट बाजू. लंडनमध्ये पाकीट मारतात त्याहून जास्त धास्ती फोन हिसकावण्याची आहे. इलेक्ट्रिक सायकलवरून, तोंड झाकून येतात, फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघणाऱ्याच्या हातातून फोन उचलतात आणि वळण घेऊन नाहीसे होतात. सगळा मामला दोन सेकंदांचा. २०२५च्या ऑक्टोबरात पोलिसांनी एक टोळी पकडल्याचं जाहीर केलं, तिने वर्षभरात चाळीस हजारांपर्यंत फोन चीनला धाडले असा संशय आहे. चोराला हवा असतो फोन, तुमच्या कार्डाशी त्याला देणंघेणं नाही. पण ते पाठीवरच असलं तर आपसूकच त्याच्याबरोबर जातं. चुंबकी पाकीट फोनपासून सुटलं तर फोन तुम्हाला ते शेवटचं कुठे होतं ते दाखवतो, ही ॲपलची सोय छानच. दोघं मिळून गेल्यावर कोण कुणाला शोधणार?

मुंबईच्या लोकलमध्ये पाकीट मारलं गेलं तरी घड्याळ मनगटावर राहायचं, घरचा नंबर डोक्यात राहायचा आणि चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत कुणीतरी तिकिटापुरते पैसे द्यायचं. पाकीट मारणाऱ्यातही एक पोटजात अशी होती की पैसे काढून घेऊन ओळखपत्रं टपालपेटीत टाकायची, असं लहानपणापासून ऐकत आलोय. इथे फोनबरोबर पैसे जातात, घरी जायचा रस्ता जातो, नवऱ्याचा नंबर जातो (पाठ कुणाला आहे?), शिवाय तो शेअर कोड काढायचा मार्गही जातो. परका देश आणि हातात काहीच नाही, ही भीती आम्हा लोकांना पहिल्या वर्षीची आठवते. म्हणून त्या काळात सगळं अंगावर बाळगायचो. आता सगळं एका जागी ठेवून हलके फिरतो, कारण शहरावर विश्वास बसलाय. तो विश्वास खरा आहे, फक्त त्याचा दोर एका फोनला बांधलाय.

रोखीची आठवण मला येते ती पैशांसाठी कमी आणि देण्या-घेण्यासाठी जास्त. इथल्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली की ताट फिरतं. ताटाला फोन टेकवता येत नाही. माझ्या पाठीवरच्या पाकिटात कार्डं असतात, निरांजनाच्या उजेडात ती अगदीच विजोड दिसली असती. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत बायका एकमेकींना आधीच विचारतात, सुट्टे आहेत का गं? बारशाला, मुंजीला पाकीट द्यायचं तरी तेच. वीस पौंडाची नोट आणि वर एक पौंडाचं नाणं, म्हणजे एकवीस. बँकेतून ऑनलाइन एकवीस पौंड पाठवता येतात, पाठवलेही आहेत एकदा. पण ते वरचं नाणं वेगळं राहत नाही, रकमेत मिसळून जातं.

सुपरमार्केटच्या ट्रॉलीचंही तसंच. साखळीत अडकवलेली ट्रॉली सोडवायला पौंडाचं नाणं लागतं, २०१७पासून आलेलं ते बारा कोनांचं. कार्ड चालत नाही, फोन चालत नाही, राजाची नोटही चालत नाही. लोक किल्ल्यांच्या जुडग्यात त्याच आकाराची प्लास्टिकची चकती अडकवून ठेवतात.

घरात वाद चालू आहे तो तिसऱ्या कप्प्याचा. पहिल्यात बँकेचं कार्ड, दुसऱ्यात वाहन परवाना, कारण टपाल कचेरीत पार्सल सोडवायला ओळख लागते. तिसऱ्यासाठी नवऱ्याचं मत लायब्ररीचं कार्ड. माझं मत रोख नोट, १९ जुलै २०२४सारख्या दिवसासाठी. त्या दिवशी जगभरातले संगणक एका चुकीच्या अपडेटने बसले आणि काही दुकानांनी दारावर 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. नवरा म्हणतो, असा दिवस कितीदा येतो? मी म्हणते, लायब्ररीत तू कितीदा जातोस? सध्या तिथे दहाची नोट आहे. ब्रिटनच्या नोटा आता प्लास्टिकच्या, पॉलिमरच्या. घडी घातली की घडी मानत नाहीत, उसळून उलगडतात. त्यामुळे नोट चौपदरी करून कप्प्यात कोंबली की पाकीट मध्येच फुगतं, चुंबकाची पकड ढिली होते, आणि फोन उचलताना पाकीट टेबलावरच राहतं. नवऱ्याने सुचवलंय की नोट सरळ फोन आणि कव्हर यांच्यामध्ये घालावी. घातलीय. दहावरची जेन ऑस्टिन आता माझ्या फोनच्या आत आहे, आणि तिसऱ्या कप्प्यात लायब्ररीचं कार्ड.