अम्मीच्या फिल्म्सची पिशवी

आमच्या घरी कपाटावर एक मोठी पिशवी असते. तिच्यात अम्मीचे एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म्स. पुण्याला डॉक्टरांकडे निघताना अब्बा तिकिटाच्या आधी ती पिशवी तपासायचे. तरी एकदा ती एसटीतच राहिली. डॉक्टर म्हणाले, छातीतली गाठ आधी किती होती ते दिसल्याशिवाय वाढली की नाही, कसं सांगू? नवा सीटी लगेच झाला, पैसे भरले. पण दोन वर्षांपूर्वीची छाती पुन्हा कुठून आणणार?

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर आहे. त्याला हे सांगितलं तर हसला. म्हणाला, आमच्याकडे पिशवी पेशंटकडे नसते, हॉस्पिटलकडे असते. पूर्वी तिथेही फिल्मच होती, तळघरात पाकिटांचे ढीग, आणि ऐन ऑपरेशनच्या दिवशी पाकीट सापडायचं नाही. मग सरकारच्या मोठ्या संगणकीकरणात 2004 पासून पॅक्स, म्हणजे प्रतिमांचं डिजिटल कोठार, आणायला सुरुवात झाली. त्या कार्यक्रमातल्या बऱ्याच गोष्टी फसल्या, पुढे तो गुंडाळलाही गेला. पण 2007 संपेपर्यंत इंग्लंडच्या सगळ्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांतून फिल्म गेली. डार्करूमही गेली.

मला वाटलं, प्रश्न मिटला. तो म्हणाला, कुठला मिटतोय! देशाचे विभाग पाडून वेगवेगळ्या कंपन्यांना कामं दिली होती. या हॉस्पिटलातलं चित्र त्या हॉस्पिटलात उघडायचं नाही. पेशंट हलला की सोबत सीडी. म्हणजे पिशवीच, फक्त लहान. पुढे एका हॉस्पिटलातून दुसऱ्याला चित्रं थेट पाठवायची सोय झाली. 2013 च्या सुमारास करार संपले, तेव्हा कंपन्यांच्या कोठारातून आपापली चित्रं काढून नव्या यंत्रणेत नेण्याचं काम हॉस्पिटलांच्या गळ्यात पडलं. स्कॉटलंडने मात्र अख्ख्या देशासाठी एकच कोठार केलं. त्यांना ते जमलं याचं एक कारण, त्यांच्याकडे माणसागणिक एकच दहा आकडी आरोग्य क्रमांक आधीपासून होता. त्यातले पहिले सहा आकडे जन्मतारखेचे.

इथे मी थांबलो. कारण मशिन्स बोलतात डायकॉम नावाच्या एका ठरलेल्या भाषेत. ती 1993 पासून आहे, आपल्याकडचे सीटीसुद्धा तीच बोलतात. प्रत्येक चित्राच्या पोटात पेशंटचं नाव, नंबर आणि तारीख असते. नावात आडनाव वेगळं, पहिलं नाव वेगळं. आता आमच्या घरातली नावं घ्या. आधारवर अम्मी ‘शेख खातून’, एका फिल्मवर ‘खातूनबी’, दुसरीवर अब्बांचं नाव मध्ये घालून काहीतरी तिसरंच. शेखच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे ‘ए’, कुठे ‘ई’. कागदावरच्या अशा एका अक्षराने काय होतं, याची धास्ती आमच्या मोहल्ल्यात नवीन नाही. पण इथे ती वेगळ्या तऱ्हेने खरी आहे. संगणकाने दोन खातून एक केल्या, तर दुसऱ्याच बाईची गाठ अम्मीच्या नावावर चढेल. एकीच्या दोन केल्या, तर जुनी गाठ कोणालाच दिसणार नाही.

आपल्याकडे 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. कागदपत्रं आणि चित्रं हॉस्पिटलांकडेच राहतात, पेशंटने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतात. कल्पना मला पटते, एका मोठ्या सरकारी गोदामापेक्षा बरीच. पण आधी काढलेल्या चित्रांच्या पोटात तो क्रमांक कुठून येणार? तिथे नावच आहे, तेही कारकुनाने जसं ऐकलं तसं.

गेल्या महिन्यात अम्मीचं आभा कार्ड काढलं. हॉस्पिटलच्या खिडकीवर जुन्या नोंदी जोडायला सांगितल्या. मुलीने बराच वेळ स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, काका, ह्या तर तीन पेशंट दिसतायत.

अम्मी मागून म्हणाली, “मग फीसुद्धा तिघींची घेतलीत का?”