गरम दूध आणि वाघाची डरकाळी

जाहिरातींच्या ओळी मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हिंदीत किंवा इंग्रजीत ठरलेली ओळ येते, तिचं मराठी करून द्यायचं, आणि ते तेवढ्याच सेकंदांत मावलं पाहिजे. बहुतेक वेळा ओळ मावते, पण मरते. त्यामुळे दुसऱ्या भाषांतल्या लोकांनी अशा वेळी काय केलं हे बघत बसण्याची मला खोड लागली आहे. या खोडीतली माझी सगळ्यात लाडकी ओळ तीन शब्दांची आहे: 'स्नॅप, क्रॅकल, पॉप'.

केलॉग्जचे राइस क्रिस्पीज १९२८ साली अमेरिकेत बाजारात आले. वाटीत घालून वर दूध ओतलं की ते तडतडतात. त्या तडतडीचीच जाहिरात झाली. १९३३ साली व्हर्नन ग्रँट नावाच्या चित्रकाराने रेडिओवरच्या जाहिरातीतून त्या तीन आवाजांना टोपीवाले तीन बुटके करून टाकले, आणि ते आजही खोक्यावर उभे आहेत. पण आवाज प्रत्येक भाषेला वेगळा ऐकू येतो. म्हणून स्वीडनमध्ये ते 'पिफ, पाफ, पुफ' झाले, जर्मनीत 'क्निस्पर, क्नास्पर, क्नुस्पर', आणि क्विबेकच्या फ्रेंचमध्ये 'क्रिक, क्रॅक, क्रॉक'. म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी शब्दकोश बाजूला ठेवला आणि वाटीला कान लावला. आमच्या धंद्यात एवढी मोकळीक क्वचित मिळते.

मराठीत काय होईल? एका रविवारी मी 'चुर्र, कुर्र, फट्'पर्यंत पोचले आणि थांबले, कारण हे काम मराठीने कधीच करून ठेवलं आहे. फुगवलेल्या तांदळाला आपण चुरमुरे म्हणतो, मुंबईकडे कुरमुरे, कोल्हापूरकडे चिरमुरे. पदार्थाचं नावच त्याचा आवाज आहे. त्यावर बुटके चिकटवायची गरज कुणाला पडली नाही, आणि त्या नावावर कुणाची मालकीही नाही.

आता त्या तडतडीबद्दल. फुगलेल्या दाण्याच्या आत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांच्या भिंती काचेसारख्या पातळ आणि ताणलेल्या असतात. दूध आत शिरलं की दाणा सगळीकडे सारखा भिजत नाही, ताण बिघडतो आणि भिंती एकेक करून फुटतात. तोच आवाज. दूध थंड असेल तर दाणा सावकाश भिजतो, आवाज टिकतो, तुम्हाला कान लावून ऐकायला वेळ मिळतो. दूध गरम असेल तर दाणा बघता बघता मऊ पडतो. म्हणजे ही ओळ फ्रीजमधलं दूध उकळल्याशिवाय पिणाऱ्या घरासाठीच लिहिलेली आहे.

आमचं घर तसं नव्हतं.

आम्ही पनवेलचे. केलॉग्ज १९९४ साली भारतात आली आणि तिचा कारखाना आमच्या शेजारीच, तळोज्याला उभा राहिला. काही वर्षांनी आमच्या घरी पहिलं खोकं आलं ते मात्र मामाने दादरहून आणलेलं. शेजारच्या गावची वस्तू दादरला जाऊन आली की तिची किंमत वाढते. सकाळी पिशवीचं दूध आलं की ते आधी गॅसवर चढायचं, वर येऊ लागलं की आई फुंकर मारायची, मग साय धरायला बाजूला ठेवायची. आमच्या वाटीत आलं ते हेच, वाफाळतं. फ्लेक्सनी मान टाकली. ताईने टीव्हीत पाहिलं होतं तसं चमच्यात काही उभं राहीना. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, ही तर लापशी! आणि लापशी एवढी महाग?"

पुढे ही गोष्ट मला कॉलेजात परत भेटली, मार्केटिंगच्या वर्गात. परदेशी कंपनी भारतात येते, भारतीय लोक फ्लेक्सवर गरम दूध ओततात, फ्लेक्स लगदा होतात, विक्री अडते. हे उदाहरण शिकवताना शिकवणारे हमखास हसतात आणि वर्गही हसतो. मीही त्या वर्गात होते. सगळे हसत होते ती बाई मला ओळखीची होती. न तापवलेलं दूध तिने जन्मात कुणाला दिलं नव्हतं, कारण तिच्या लहानपणी तसं दूध प्यायल्यावर पोटं बिघडायची. लगदा होऊ नये म्हणून जगभर कुणी दूध थंड करतं, कुणी फ्लेक्स जाड करतं. आईने तिसराच मार्ग काढला. उरलेलं खोकं तिने दिवाळीपर्यंत ठेवलं आणि कढीपत्ता, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप घालून त्याचा चिवडा केला. तिच्या हिशेबी ते मक्याचे पोहे होते आणि मक्याच्या पोह्यांचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं.

मला वाटतं ती अगदी बरोबर होती. साळ भिजवायची, भाजायची आणि दाबून चपटी करायची, हे पेणच्या पोहेगिरण्यांचं काम. धान्य शिजवायचं, रुळांखाली चपटं करायचं आणि भाजायचं, हे मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावच्या डॉक्टर जॉन हार्वी केलॉग आणि त्यांचा धाकटा भाऊ विल यांचं काम. त्याचं पेटंट १८९६ चं. डॉक्टरांचं मोठं आरोग्यधाम होतं. मांस नको, मसाले नकोत, दारू-तंबाखू नको, अशा शिस्तीच्या ठिकाणी रुग्णांना पचेल असं काहीतरी हवं होतं. (कॉर्नफ्लेक्स कशासाठी शोधले याचं एक चावट मीम तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेलं असेल. डॉक्टरांची शरीरसुखाबद्दलची मतं कडक होती हे खरं, पण हे फ्लेक्स पचनासाठी केलेले होते.) विलला मात्र ते रुग्णांपुरते ठेवायचे नव्हते. त्याने साखर घालायचं म्हटलं, डॉक्टर भडकले. १९०६ साली विलने स्वतःची कंपनी काढली, पुढे भावाभावांत आडनावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. खोक्यावर आजही जी लफ्फेदार सही दिसते ती विलची, साखरवाल्या भावाची.

दोन्ही पोहेच. फरक एवढाच की पेणच्या पोह्यांना चव फोडणी देते. मिशिगनच्या पोह्यांना फोडणी नव्हती, मग चव आणायची कुठून? थोडी साखरेतून आणि उरलेली खोक्यावरच्या चित्रातून. शिवाय मका सगळ्यांचा सारखाच. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याचं खोकं न उचलता आपलंच का उचलावं, याला दाण्यात काही उत्तर नव्हतं. उत्तर चेहऱ्यात शोधावं लागलं.

१९५२ साली साखर लावलेल्या फ्लेक्ससाठी केलॉग्जने चेहरा शोधला तेव्हा उमेदवार चार होते: केटी कांगारू, एल्मो हत्ती, न्यूट नावाचं नू हरीण आणि टोनी वाघ. वाघ जिंकला. त्याची 'दे आर ग्ग्ग्रेट!' ही डरकाळी थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट या गायकाच्या खर्जातल्या आवाजात होती आणि त्याने ती पन्नास वर्षांहून जास्त काळ दिली. २००५ साली तो गेला. तीन पिढ्यांना सकाळी उठवणारा एकच गळा! त्या ओळीत पदार्थाबद्दल काहीही नाही, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन दिसतं. ना मका, ना चव, ना पोषण. आहे तो फक्त लांबवलेला 'र', कारण तो 'र' चार वर्षांच्या मुलालाही म्हणता येतो. ही ओळ आईसाठी नाहीच. आईशी बोलायचं तर जीवनसत्त्वांच्या गोष्टी सांगतात, त्या खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत असतात.

आता दोन ससे पाहा. जनरल मिल्सच्या ट्रिक्सचा ससा १९५९ सालचा. तो जन्मभर रंगीत गोळ्यांच्या एका वाटीसाठी धडपडतो, वेश बदलतो, हात पुढे करतो, आणि दर वेळी मुलं ती वाटी काढून घेतात: 'सिली रॅबिट, ट्रिक्स आर फॉर किड्स!' १९७६ साली कंपनीने मुलांना विचारलं, सशाला ट्रिक्स द्यायचे का? मुलांनी भरभरून 'द्या' म्हटलं, सशाला वाटी मिळाली, आणि नंतरच्या जाहिरातींत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला ही ओळ फार हुशार आणि थोडी दुष्ट वाटते. मुलाला ती सांगते की ही वस्तू तुझी, मोठ्यांची नाही, आणि दुसऱ्याला न देण्यातच तिची गोडी आहे.

त्याच १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्या लिज्जत पापडाच्या जाहिरातीत रामदास पाध्यांचा बोलका ससा आला. त्याचं 'कर्रम कुर्रम' आमच्या आधीच्या पिढीने दूरदर्शनवर ऐकलं, आम्ही त्यांच्याकडून उचललं. इथेही ससा, इथेही आवाज. पण या सशाला पापडापासून कुणी हाकललं नाही. तो पंगतीतला होता. पापड लहानांचा की मोठ्यांचा असा प्रश्नच तिथे नव्हता.

साखरेबद्दलही एक गंमत आहे. टोनीच्या फ्लेक्सच्या नावात आधी 'शुगर' हा शब्द होता. 'शुगर स्मॅक्स' तर १९५३ साली नावानिशी आले आणि त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच होती. तेव्हा साखर ही खुशखबर होती, पालकांना सांगायची. ती बातमी वाईट ठरल्यावर, १९८० च्या दशकात, 'शुगर'चं 'हनी' झालं. खोक्यातला ऐवज तोच राहिला. लकी चार्म्सचा जन्म तर असा, की जनरल मिल्सच्या जॉन होलाहान यांनी चिरिओजमध्ये मऊ गोड गोळ्यांचे तुकडे कापून टाकले. १९६४ साली ते बाजारात आलं. हे वाचलं तेव्हा मला लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे आठवले. तेच फुगलेलं धान्य, तेच साखरेचे तुकडे. फक्त आपण ते वर्षातून एकदा खातो आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांना सापडेपर्यंत विसरतो. ती गोष्ट रोजच्या सकाळची करायला एक हिरव्या कोटातला बुटका लागला.

चिलीने २०१६ साली कायदा लागू करून हे चेहरेच खोक्यांवरून उतरवले. साखर ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर खोक्यावर काळा अष्टकोनी शिक्का, आणि मुलांना ओढणारं चित्र बंद. तिथे टोनीला खोकं सोडावं लागलं. कंपन्या कोर्टात गेल्या, आमचं चित्र ही आमची मालमत्ता आहे म्हणाल्या. मला त्यांचं हे म्हणणं खरं वाटतं, कारण खोक्यातली सगळ्यात किमती वस्तू तीच आहे.

हे मी पुस्तकी बोलत नाही. ताईची मुलगी पाच वर्षांची आहे आणि दिवसभर आईकडे, म्हणजे तिच्या आजीकडे असते. ती चोकोजवाली. इंग्लंडमध्ये केलॉग्जच्या कोको पॉप्सवर माकड असतं, आपल्या चोकोजवर अस्वल. दोघांचंही नाव कोको. भाचीला अस्वल घरातलंच वाटतं. "मावशी, तो झोपलाय, हळू बोल," असं ती मला खोक्याकडे बोट दाखवून सांगते. मी दिवसभर असल्याच ओळी लिहिते, तरी मला हळू बोलावं लागतं.

आईने मागच्या महिन्यात जे केलं ते ती प्रत्येक किराण्याचं करते. खोकं फोडलं, पिशवी स्टीलच्या डब्यात रिकामी केली, झाकण लावलं, खोकं रद्दीत. डब्यात चोकोज सादळत नाहीत, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. सकाळी भाचीने वाटीत बघितलं आणि म्हणाली, हे चोकोज नाहीत. आजी म्हणाली, अगं बाळा, तेच आहेत, मी स्वतः ओतलेत. नाहीत म्हणजे नाहीत. रडारड झाली, ताईचा ऑफिसातून फोन आला, शेवटी रद्दीतून खोकं काढून, पुसून, टेबलावर उभं केलं. चोकोज लगेच चोकोज झाले.

आईने एक-दोन दिवस हे नुसतं पाहिलं. कंपनीने आपल्याला वगळून नातीशी परस्पर संधान बांधलंय, हे तिला कुठल्याही वर्गात न बसता समजलं. मग एका सकाळी तिने खोकं समोर ठेवलं आणि बशीत कांदेपोहे दिले, वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड.

"हे अस्वलाचे?" भाचीने विचारलं.

"त्याला विचार," आई म्हणाली.

तिने विचारलं. काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पोहे मात्र संपले. तेव्हापासून ते खोकं रिकामं आहे आणि रोज सकाळी टेबलावर असतं. कोपरे दबलेत, एका बाजूला हळदीचा डाग आहे, आणि आई केर काढताना ते उचलून, खालचं पुसून, परत तोंड भाचीच्या खुर्चीकडे करून ठेवते.