तळाला टेकलेले पेडल

स्मरणिकेसाठी आठवण लिहावयाची म्हटल्यावर आमच्या वर्गातील आम्हा सहा जणांना एकच प्रसंग सुचला. तो अभिमानाचा नाही. म्हणूनच येथे नोंदवावा असे आम्ही ठरविले.

एका हितचिंतकाने शाळेला जुनी स्टँडर्ड हेरल्ड मोटार दान दिली होती. मद्रासमध्ये १९६१ पासून तयार होऊ लागलेली ही गाडी म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डचे भारतीय रूप. ट्रायम्फची नामांकित स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच हेरल्डच्या सांगाड्यावरून बेतलेली. त्यामुळे आमच्या लेखी आमची गाडीही शर्यतीचीच होती. तिचे बॉनेट मडगार्डांसह पुढे कलत असे आणि सारे यंत्र डोळ्यांसमोर येई. रविवारी ती धुण्यापुसण्याचे काम आमच्याकडे असे.

एके दिवशी वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात क्लचचे पेडल तळाला टेकले, ते वर येईना. चालकमामांनी चाकामागे दगड लावले. गाडी ओढून शाळेत आणावी लागली. मामांनी घाटात अर्धा क्लच दाबून प्लेट जाळली, हे संध्याकाळपर्यंत सर्वमुखी झाले. खर्च त्यांच्या पगारातून कापावा, अशीही भाषा निघाली. मामा एवढेच म्हणाले, “प्लेट जळली असती तर वास आला असता, बाळांनो.”

विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हाला गाडीपाशी नेले. “रोज वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणता ना? मग या आणि पाहा.”

प्लेट झिजली की ती पकड सोडते. इंजिन गरजते, पण गाडी चढत नाही. येथे उलटे होते. इंजिन बंद असता गिअर सहज पडे. चालू असता खरखरे, पडतच नसे. म्हणजे प्लेट धरत होती, सुटत नव्हती. दोष तिला सोडविणाऱ्या यंत्रणेत होता. हेरल्डचा क्लच द्रवाच्या दाबावर चाले. पेडल वरच्या सिलिंडरला दाबी, तेथील द्रव नळीतून गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरला रेटी. पेडल भराभर दाबले की क्षणभर जोर येई, पुन्हा नाहीसा होई. टाकीतील द्रव उतरला होता आणि खालच्या सिलिंडरचे रबरी टोपण ओले होते. आतील सील फुगून लिबलिबीत झाले होते.

गुरुजींनी टाकीतील द्रव काचेच्या पेल्यात काढून ठेवला. थोड्या वेळाने त्याचे दोन थर झाले. “वर तरंगते ते इंजिन ऑइल. ब्रेक ऑइलच्या जागी हे पडले की रबर कुजते. कोणी ओतले?”

आम्हीच. महिन्यापूर्वी टाकी कमी दिसली, म्हणून सेवाभावाने आम्ही ती इंजिनाच्या डब्यातून भरली होती. आम्ही गप्प राहिलो. तिच्या शेजारीच ब्रेकची तशीच टाकी होती. ती त्या दिवशी भरलेली होती, एवढ्यावरच आम्ही वाचलो होतो. घाट उतरताना मामांच्या गाडीत कितीदा मुले असत!

त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी आमचा आवाज अडला. सकाळी मुख्याध्यापकांसमोर, मामांच्या देखत, आम्ही सर्व सांगितले. रागावण्याचा हक्क मामांचा होता. त्यांनी आमच्या हाती पाना दिला. “चला, आता हवा काढायला बसा.”

नळी स्पिरिटने धुतली, दोन्ही सिलिंडरांची सीले बदलली. एकाने पेडल दाबायचे, एकाने निपल सैल करून पुन्हा आवळायचा, एकाने टाकी उतरू द्यायची नाही. बुडबुडे थांबले तेव्हा पेडल पायाला घट्ट लागले.

मामांचा पगार कापला गेला नाही. मात्र एक संध्याकाळ सर्व शाळेने त्यांना दोषी मानले, आणि त्या शाळेत आम्हीही होतो. ती संध्याकाळ आम्हाला परत करता आली नाही.