सहा डायनासोर, डोकं एकाचंही नाही!
कोलकात्यात वीकेंड आहे? फुचका खाऊन झाला की आधी विचारून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट गाठा. आकडेमोडीच्या या संस्थेत चक्क डायनासोर उभाय! बारापासॉरस टागोराय. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. मांडीचं हाडच 1.7 मीटर, माझ्याहून उंच. 1961 हे टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष, तेव्हाच हाडं मिळाली, म्हणून ‘टागोराय’. लांब मान, खांबासारखे पाय, चमच्यासारखे दात. पाला ओरबाडायचा, न चावता गिळायचा. आपला लंच ब्रेकच जणू. किमान सहा जणांची हाडं सापडली, पण कवटी एकही नाही. डोकं अंदाजानेच बसवलंय. ते खडक ‘कोटा’ नावाने ओळखले जातात, आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळच्या गावावरून. खरं डोकं कदाचित अजून तिकडेच, प्राणहितेकाठी असेल.