पाण्याचा वाटेकरी

गेल्या हिवाळ्यात देवगाव रंगारीस एका कुटुंबात प्रार्थनेसाठी आमचे जाणे झाले. चहा होतो न होतो तोच दहावीतील कन्येने इंग्रजीची वही आमच्यापुढे धरली. एनिमी, फो, ऑपोनंट, ॲडव्हर्सरी, रायव्हल. पाचही शब्दांसमोर तिने एकच अर्थ लिहिला होता : शत्रू. "फादर, यांत फरक काय?"

आम्ही सांगू लागलो. कबड्डीत समोर उभा राहतो तो ऑपोनंट. खेळ संपला की विरोधही संपला. ॲडव्हर्सरीचा विरोध अधिक नेटाचा, वादातला वा लढ्यातला. एनिमीच्या मुळाशी 'मित्र नसलेला' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. तेथे मनात द्वेष शिरलेला असतो. फो हा त्याच अर्थाचा जुना शब्द, आता बहुधा काव्यातच भेटणारा.

रायव्हलपाशी मात्र आम्ही रेंगाळलो. लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओहोळ. एकाच ओहोळाचे पाणी शेतास घेणाऱ्यांना रोमन कायद्यात 'रिवालेस' म्हणत, आणि त्यांचे तंटे पाण्यावरून होत. शत्रू दूरदेशीचाही असेल. हा मात्र शेजारचाच. (आपल्या मराठीने तर 'भाऊबंद' या शब्दापासूनच भांडणाचे नाव घडविले आहे!) मुलीने 'शत्रू' खोडून 'पाण्याचा वाटेकरी' असे लिहिले.

एवढ्यात तिचे वडील उठून अंगणात गेले. सामाईक विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी त्यांचा कन्नडच्या कोर्टात दावा चालू होता. हे आम्हास ठाऊक असून बोलण्याच्या ओघात विसरलो, याची लाज वाटली. आम्ही मागोमाग गेलो.

"फादर, त्याच्यावर प्रेम कर, असंच तुम्ही सांगणार. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आम्ही तेवढे मागितले नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभूने शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा दिली खरी. परंतु त्याच अध्यायात, तिच्याही आधी, दाव्यातील प्रतिपक्षी येतो. मूळ ग्रीकमध्ये त्याला 'अंतिदिकोस' असा निराळा शब्द आहे. त्याच्याशी न्यायाधीशापुढे उभे राहण्याआधी, वाटेतच समेट करावा, एवढेच प्रभू तेथे सांगतो. सेमिनरीत हा भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता.

"म्हणजे कागदावर तो प्रतिवादी आहे, तेवढंच धरायचं?"

"सध्या तेवढेच."

पुढच्या तारखेस दोघे भाऊ एकाच एस.टी.ने कन्नडला गेल्याचे मुलीने आम्हास सांगितले. एका बाकावर बसले होते का, हे विचारण्याचे आम्ही टाळले.