साताऱ्याचा बाण आणि फळीवरची करवत

सातारा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अजिंक्यतारा, कास पठार, कंदी पेढे! आता या यादीत बाणही घालायला हवा. ५ ऑगस्ट २०२३ या दिवशी जर्मनीतल्या बर्लिन शहरात साताऱ्याच्या अदिती स्वामीनं जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. वय अवघं सतरा! अंतिम सामन्यात पंधरा बाणांत तिचे गुण होते १५० पैकी १४९. म्हणजे चौदा बाण दहाच्या वर्तुळात आणि एकच नऊमध्ये. त्याच दिवशी पुरुषांचं सुवर्ण मिळवणारा ओजस देवतळे नागपूरचा, पण तोही शिकायला आला साताऱ्यातच. ही मुलं कुठे सराव करत होती, ठाऊक आहे? उसाच्या शेतातल्या मैदानावर.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. त्याला खेळाची वाट दाखवली ती जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी. (मी स्वतः प्राथमिक शिक्षक, त्यामुळे हे सांगताना माझी मान जरा ताठ होते बरं का!)

हे सगळं वाचून घरात हट्ट सुरू होतो, "मला धनुष्य हवं." आणि आईबाबांच्या कपाळावर आठी येते. खेळ महागडा आहे. धनुष्य तर घ्यावंच लागतं, पण बाणही मोडतात, हरवतात. शिवाय कार्बनचा बाण मिळतो लांबच लांब. तो ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं कापून घ्यावा लागतो.

का बरं? एक प्रयोग करा. पट्टी टेबलावर ठेवून अर्धी बाहेर काढा आणि टोक हलकेच दाबा. आता थोडीच बाहेर काढून दाबा. दुसऱ्या वेळी ती कमी वाकली ना? बाणाचंही तसंच. दोरी सुटते तेव्हा बाण सरळ जात नाही, माशासारखा वळवळत जातो! लांब बाण जास्त वाकतो, आखूड बाण ताठ राहतो. धनुष्याच्या जोराला शोभेल इतकाच तो वाकायला हवा, नाहीतर एका बाजूला पळतो.

पण आखूडही किती करायचा? दोरी पूर्ण ताणली की बाणाचं टोक धनुष्यावरच्या टेकूच्या पुढेच राहिलं पाहिजे. ते मागे आलं तर सुटलेला बाण थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. तुम्ही तर वाढीच्या वयातले. आज बरोबर बसणारा बाण पुढच्या दिवाळीला आखूड पडेल. म्हणून नवशिक्या मुलांचे बाण चार-पाच सेंटिमीटर तरी जास्त लांब ठेवतात. माप प्रशिक्षकांकडूनच घ्या. कापलेला बाण पुन्हा वाढत नाही!

आता कापायचा कशानं? घरातली लोखंड कापायची करवत चालत नाही. तिच्या दात्यांनी कार्बनचे धागे उसकटतात आणि बाण टोकाशी चिरतो. त्यासाठी वेगानं फिरणारं, कुरुंद दगडासारखं पातळ चाक लागतं. तसं तयार यंत्र महाग पडतं.

इथे आपण साताऱ्याहून गाडीत बसू या. स्टेशन गावात नाही, माहुलीजवळ आहे. कोरेगाव, कराड करत गाडी कृष्णेच्या खोऱ्यातून सांगलीकडे निघते. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मग येते किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या इथल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. त्यांची सुरुवातीची यंत्रं कोणती? कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. परदेशी वस्तू महाग, तर आपण आपली करू, हा विचार या भागात तेव्हापासूनचा. पुढे भिलवडी (चितळ्यांचं दूध!), मग सांगली आणि मिरज. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, वेल्डिंग, ग्राइंडर यांचा आवाज दिवसभर चालू असतो.

तिथल्यासारखाच साधा हँड ग्राइंडर हा आपल्या करवतीचा जीव. साडेतीन-चार फुटांची जाड फळी घ्यायची. तिच्या एका टोकाला ग्राइंडर नटबोल्टनं पक्का बसवायचा, चाक उभं राहील असा. चाक एक मिलिमीटर जाडीचं. त्यावर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. चाकावरचं लोखंडी झाकण कधीही काढायचं नाही. फळीवर बिजागरीनं एक पट्टी जोडायची आणि तिच्यावर 'व्ही' आकाराच्या खाचांचे दोन लाकडी ठोकळे. मागे सरकता अडसर, त्याला बाणाची शेपटी टेकते. एकदा अडसर आवळला की डझनभर बाण एकाच मापाचे. पट्टी हळूच चाकाकडे झुकवायची, चाक लागलं की बाण बोटांनी गोल फिरवायचा. न फिरवता कापला तर काप तिरका येतो.

काप सरळ आहे का, हे बघायची युक्ती मला फार आवडते. कापलेल्या कडेला मार्करची शाई लावा आणि ती सपाट जागेवर फिरवा. शाई सगळीकडून सारखी निघाली तर काप सरळ. एकीकडेच निघाली तर तिथे उंचवटा आहे. बारीक पॉलिशपेपरवर घासून तो काढायचा.

आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: यंत्र मोठ्या माणसानंच चालवायचं आणि विजेची जोडणी जाणकाराकडून करून घ्यायची. कार्बनची धूळ छातीत जाता कामा नये आणि ती वीजवाहक असते, मोटरमध्ये शिरली तर शॉर्टसर्किट होतं. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, चाकामागे धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, आणि काम उघड्यावर. नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, झाडायचं नाही. मुलांनी लांबून बघायचं आणि शाईची परीक्षा करायची. पहिला काप मोडक्या बाणावर घ्या.

मिरजेत उतरलात तर तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत जरूर जा. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया थांबल्या, कामं गेली, तेव्हा दीडशे वर्षांहून आधी फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यं करायला घेतली. पंढरपूरकडून येणारा मोठा भोपळा तिथे कापला जातो आणि त्याचा तंबोरा होतो. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दारात उभं राहून विचारलंत, "काका, बघू का?" की बहुधा आत बोलावतात.